पंप रात्रभर चालू, तरी कंपोस्ट टीला वास का येतो?

कंपोस्ट टी म्हणजे खत पाण्यात सोडून, पंपाने हवा देत त्यातले सूक्ष्मजीव वाढवलेलं, झाडांना द्यायचं द्रावण. ते करणाऱ्यांची तक्रार दरवेळी तीच असते. बादली भरली, गांडूळखताची पुरचुंडी आत सोडली, गूळ घातला, फिशटँकचा पंप रात्रभर घरघरत होता आणि सकाळी झाकण काढलं तर नाक दाबायची वेळ. कधी आंबूस, कधी थेट सडक्या अंड्यांचा. डिसेंबरात हीच कृती छान जमलेली असते, म्हणून माणूस आणखी गोंधळतो. पुढच्या वेळी खत बदलतो, ‘सूक्ष्मजीवांना खायला कमी पडलं असेल’ म्हणून गूळ थोडा वाढवतो, आणि वास आधीपेक्षा लवकर येतो.

गच्चीवर किंवा बाल्कनीत दहा-पंधरा लिटरच्या बादलीत हा उद्योग करणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा याच जागी अडकणाऱ्या लोकांसाठी हे लिहितो आहे. मोठी टाकी, ब्लोअर वगैरे असलेल्या शेतकऱ्यांचं गणित वेगळं.

वास म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपला. पंप चालू असणं आणि पाण्यात ऑक्सिजन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडबुडे दिसतात म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण सूक्ष्मजीव बुडबुडा खात नाहीत, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. तो जितक्या वेगाने विरघळतो त्याहून जास्त वेगाने वापरला गेला, की हवेवर जगणारे मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे कामाला लागतात. त्यांनी सोडलेली आम्लं, अल्कोहोल, गंधकाचे वायू, हाच तो वास. तेव्हा प्रश्न दोनच: ऑक्सिजन कमी का पडतोय, किंवा इतका का लागतोय. बहुतेक बादल्यांमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळाच्या डब्यात असतं.

गूळ, आणि जीवामृताचं प्रमाण

आपल्याकडे या घोळाला जीवामृत बरंचसं कारणीभूत आहे, असं माझं मत आहे. जीवामृताला नावं ठेवत नाही. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते. सावलीत ठेवायचं, काठीने ढवळायचं, आठवड्याभरात जमिनीत द्यायचं. ते आंबवण आहे. त्याला वास येतो आणि तो यायचाच. पण लिटरला १० ग्रॅम गूळ हे प्रमाण लोकांच्या हातात इतकं बसलंय, की कंपोस्ट टी करतानाही १५ लिटरच्या बादलीत दीडशे ग्रॅमचा खडा सहज पडतो. वर ‘पोषण म्हणून’ चमचाभर बेसन.

आता हिशोब बघा. एक ग्रॅम साखर पूर्णपणे वापरली जायला साधारण १.१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. सूक्ष्मजीव निम्म्याच्या आसपास साखर स्वतःचं शरीर वाढवायला वापरतात असं धरलं, तरी दीडशे ग्रॅम गुळाला सत्तर-ऐंशी ग्रॅम ऑक्सिजन हवा. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहू शकतो. म्हणजे १५ लिटरची अख्खी बादली काठोकाठ संपृक्त असली, तरी तिच्यात ऑक्सिजन असतो एका ग्रॅमचा नववा भाग. बाकी सगळा बुडबुड्यांतून यायला हवा.

बुडबुड्यांतून किती येतो? मिनिटाला ५ लिटर हवा देणारा पंप चोवीस तासांत ७,२०० लिटर हवा ढकलतो. त्यात ऑक्सिजन जवळजवळ १,९०० ग्रॅम. ऐकायला भरपूर वाटतं. पण फूटभर खोल बादलीत बुडबुडा दोन सेकंदांत वर येऊन फुटतो, आणि त्यातल्या ऑक्सिजनपैकी शंभरातला एखाद-दुसरा भागच पाण्यात उतरतो. म्हणजे दिवसाला वीस, फार तर चाळीस ग्रॅम. त्यातच खत स्वतःसाठीही ऑक्सिजन घेणार. शिवाय मागणी चोवीस तासांत सारखी वाटलेली नसते. जिवाणूंची संख्या वाढत वाढत जाते आणि पहाटेच्या सुमारास, आपण झोपेत असताना, एकदम चढते. दीडशे ग्रॅम या पंपाला झेपणारच नाहीत.

म्हणून १५ लिटरला एक मोठा चमचा गूळ, म्हणजे १२-१५ ग्रॅम. बस्स. चेष्टा वाटेल इतकं कमी आहे, पण या आकाराच्या बादलीला तेवढंच पचतं. काकवी मिळत असेल तर ती उत्तम, कारण ती लगेच विरघळते. गुळाचा खडा तळाशी बसून तिथे स्वतःचं वेगळंच राज्य चालवतो. गूळच वापरायचा तर कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या. पिवळाधमक, रंग उजळण्यासाठी हायड्रॉस मारलेला गूळ टाळा, काळपट तो बरा. बेसन, पीठ, ताक, केळ्याचं साल, शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड यातलं काहीही या बादलीत नको. मोहरीची पेंड पाण्यात भिजवली की काय होतं हे ज्यांनी एकदा अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आधी कारण पक्कं करा

बहुतेक जण एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: नवं खत, नवा एअर स्टोन (नळीच्या टोकाला बसवायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), गूळ कमी, जागा दुसरी. मग जमलं तरी कशाने जमलं ते कळत नाही आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा तिथेच. त्याऐवजी असं करा. तोच पंप, तेच खत, तेच पाणी, फक्त गूळ अजिबात नाही. चोवीस तास चालवा. वास आला नाही, तर तुमचं खत ठीक आहे आणि भांडण गूळ विरुद्ध हवा एवढंच आहे. गूळ न घालताही वास आला, तर खत किंवा बादलीची रचना. मग खतही काढा, नुसतं स्वच्छ पाणी आणि पंप रात्रभर ठेवा. सकाळी नुसत्या पाण्यालाच कुबट वास असेल, तर दोषी नळी आणि एअर स्टोन आहेत. त्यांच्या आत जुन्या बादल्यांचा बुळबुळीत थर बसलेला असतो.

वासाच्या जातीवरूनही बरंच कळतं. आंबूस, शिळ्या ताडीसारखा वास म्हणजे साखर जास्त. सडकी अंडी म्हणजे कुठेतरी मेलेला कोपरा आहे, तळाशी गाळ बसलाय किंवा पुरचुंडीच्या आत हवा पोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे खत कच्चं. चांगल्या द्रावणाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तो मातीतल्या ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंनी सोडलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा. काहीच वास नसेल तरी काळजीचं कारण नाही.

फेसावरून मात्र काही ठरवू नका. फेस प्रथिनांमुळे येतो. खतात चुकून मेलेली गांडुळं असली तरी भरपूर फेस येतो आणि लोक ‘जिवाणू वाढले’ म्हणून खूश होतात. फेस उतू जाऊन फरशी खराब होत असेल तर खाद्यतेलाचे दोन-तीन थेंब टाका, बसतो.

एप्रिल-मे वेगळे असतात

डिसेंबरात जमतं आणि एप्रिलमध्ये बिघडतं, याचं कारण दुहेरी आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन राहू शकतो, ३५ अंशांना सातच्या खाली येतो. त्याच वेळी सूक्ष्मजीवांचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो. म्हणजे पुरवठा घटतो आणि खप वाढतो. अमेरिकेत हे तंत्र लोकप्रिय करणाऱ्या एलेन इंगहॅम यांच्या शिकवणीत ऑक्सिजन लिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका असं असतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तापलेल्या बादलीत तेवढी जागाच फारशी शिल्लक नसते.

यात आपण भर घालतो ती गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी घेऊन. दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. ते पाणी रात्री बादलीत काढून ठेवा, दुसऱ्या संध्याकाळी वापरा. तेवढ्या वेळात आणि पंप लावला तर आणखी लवकर, महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीनही उडून जातो. एका दगडात दोन पक्षी. बादलीला ओलं गोणपाट गुंडाळून जिन्याखाली किंवा बाथरूममध्ये ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात गोणपाटाचा फरक चांगला पडतो, मुंबई-कोकणात दमट हवेमुळे कमी. उन्हाळ्यात गूळ चमच्याचाही निम्मा करा आणि चोवीस तासांची वाट न पाहता सोळा-अठरा तासांनी वापरून टाका. संध्याकाळी सहाला सुरू केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला तयार. नाशिक-पुण्याच्या थंडीत उलट, तीस-छत्तीस तासही चालतील. अगदी कडक उन्हाळ्यात तर हा खटाटोपच करू नये, त्या दिवसांत कुंड्यांना आच्छादन आणि वेळेवर पाणी यांची गरज जास्त असते.

पंप, नळी आणि अडगळीचे कोपरे

लिटरभर पाण्यामागे मिनिटाला निदान ०.३ ते ०.४ लिटर हवा, हा अंदाज धरून चाला. १५ लिटरला ५-६ लिटर. माशांच्या दुकानात मिळणारा एका नळीचा लहान पंप बहुधा याच्या निम्म्यावर असतो, आणि खोक्यावरचा आकडा पाण्याचा दाब नसतानाचा असतो. त्यावर लांब नळी आणि बारीक छिद्रांचा, अर्धा चोंदलेला दगड लावला की आणखी घट. नवा पंप घ्यायचा नसेल तर बादलीत पाणी कमी घ्या. सहा-सात लिटरच करा. बाल्कनीतल्या वीस-पंचवीस कुंड्यांना पातळ करून तेवढं पुरतं. लोकांना हा उपाय पटत नाही, बादली भरलेलीच हवी असते.

पंप जुना असेल तर आतला रबरी पडदा तपासा. आवाज तोच राहतो, हवा मात्र निम्मी होते, म्हणून लक्षात येत नाही. नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात धरून बघायची सवय ठेवा.

दगड कुठे ठेवता तेही बघा. सपाट तळाच्या बादलीत मधोमध एक दगड ठेवला, की मधे खळखळ आणि कडेने गाळाची रांगोळी. सडक्या अंड्यांचा वास तिथून येतो. दोन दगड कडेला, तळाला टेकवून ठेवा. तरंगत असतील तर नळीला एखादा गोटा बांधा. वीस लिटरच्या पाण्याच्या जारचा तळ कापून तो उलटा टांगला आणि दगड मानेपाशी सोडला, तर गाळ बसायला जागाच राहत नाही. दिसायला विचित्र दिसतं, काम चोख करतं.

आणि पुरचुंडी. घट्ट विणीच्या सुती कापडात खत ठासून भरून गाठ मारली, की आत हवा जात नाही आणि जिवाणू-बुरशीचे धागे बाहेर येत नाहीत. नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा घ्या, निम्माच भरा, सैल बांधा, आणि पाण्यात मधोमध अशी टांगा की बुडबुडे खालून तिच्यात शिरतील. खतही जास्त नको. १५ लिटरला दोन-तीन वाट्या पुरे. द्रावण काळंकुट्ट दिसलं म्हणजे चांगलं, असं काही नाही.

लाइट गेली तर

हे आपल्याकडचं खास दुखणं. गूळ घातलेल्या, जोरात असलेल्या बादलीतला ऑक्सिजन पंप बंद पडल्यावर तासाभरातही संपू शकतो. मध्यरात्री दोन तास वीज जाऊन आली तर सकाळी पंप चालूच दिसतो आणि आपण खताला दोष देतो. विजेचं घड्याळ किंवा वायफायचा राउटर पुन्हा सुरू झाल्याच्या खुणा बघा, उलगडा होतो. ठरवून भारनियमन असलेल्या भागात पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी पंप जोडीला ठेवावा. तोही नसेल आणि तुम्ही जागे असाल, तर पुरचुंडी बाहेर काढून चहा गार करताना ओततो तसं या बादलीतून त्या बादलीत उंचावरून ओतत राहा, दर दहा मिनिटांनी. अर्धा-पाऊण तास तग धरतो.

पंप कायम पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, हेही यातच आलं. खाली असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात येतं. पंप जातोच, शॉक बसायचीही भीती असते. नळीत बसवायचा, पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह माशांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. पावसाळ्यात एक्स्टेन्शन बोर्ड गच्चीवर उघडा टाकून हा प्रयोग करू नये.

खतच कच्चं असेल तर

रोपवाटिकेतून आणलेलं गांडूळखत बऱ्याचदा प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओलंचिंब, महिनोन्महिने पडलेलं असतं. पिशवी उघडल्यावरच कुबट वास येत असेल तर त्यातले हवा लागणारे जीव आधीच संपलेत. पंप लावून ते परत येत नाहीत. पिशवीवर ‘समृद्ध’ वगैरे लिहिलेलं असेल तर निंबोळी पेंड मिसळलीय का ते विचारा. निंबोळी पेंड कुंडीत उत्तम, पण ती सूक्ष्मजीवांना आवर घालणारी वस्तू आहे, त्यांना वाढवायच्या बादलीत तिचं काय काम?

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत वापरत असाल तर मूठभर खत ओलसर करून झिपच्या पिशवीत हवा काढून आठवडाभर बंद ठेवा. पिशवी फुगली किंवा उघडल्यावर घाण वास आला, तर ते अजून पिकलेलं नाही. बोकाशी, म्हणजे बंद डब्यात कोंडा घालून मुरवलेला ओला कचरा, हे तर मुळात आंबवण असतं, ते मातीत पुरून जिरल्याशिवाय इथे चालणार नाही. आणि कंपोस्टच्या डब्याच्या तोटीतून गळणारं काळं पाणी म्हणजे कंपोस्ट टी नव्हे. ते पातळ करून झाडांना देणारे देतात, पण त्यात हवा भरून ते ‘टी’ होत नाही.

तयार झाल्यावर

पंप बंद केल्यापासून चार-पाच तासांत वापरा. बाटलीत भरून शेजाऱ्यांना उद्यासाठी देऊ नका. बंद बाटलीत तोच ऑक्सिजनचा हिशोब पुन्हा सुरू होतो, फक्त झाकण उडायच्या शक्यतेसह. फवारणीचा पंप आधी बुरशीनाशकासाठी वापरला असेल तर साबणाने धुऊनही त्यावर भरवसा ठेवू नये, वेगळा ठेवावा. फवारायचं ते ऊन उतरल्यावर, चार-पाच पट पाण्यात पातळ करून.

पालेभाज्यांच्या बाबतीत मी कडक आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की कंपोस्ट टीमध्ये उसाच्या मळीसारखं पोषण घातलं तर ई. कोलाय आणि साल्मोनेला हे पोटाचे आजार करणारे जिवाणू वाढू शकतात, हवा भरलेली असो वा नसो. कच्च्या शेणाचा अंश असलेलं खत आणि गूळ ही जोडी म्हणूनच धोक्याची. कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस, टोमॅटो असं जे कच्चं खातो त्याच्यावर फवारू नका. जास्वंद, गुलाब, मोगऱ्याला खुशाल द्या.

फायद्याबद्दलही हातचं राखूनच बोललेलं बरं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांच्यासारखे अभ्यासक कंपोस्ट टीने रोग आटोक्यात येतात या दाव्याकडे अनेक वर्षं साशंकतेने बघत आले आहेत. प्रयोगांचे निकाल एकसारखे येत नाहीत, हे खरं आहे. मला हा उद्योग आवडतो, पण कुंडीतली माती कडक झाली असेल तर दोन मुठी चांगलं खत वरून पसरण्याला पर्याय नाही. तिसऱ्यांदा बादली बिघडली आणि कंटाळा आला, तर तेच खत सरळ कुंड्यांना घाला. झाडांचं काही अडत नाही.

बिघडलेली बादली कुंडीत ओतू नका. आंबलेल्या द्रावणातलं अल्कोहोल आणि आम्लं लहान कुंडीतल्या मुळांना त्रास देतात. कंपोस्टच्या ढिगावर, भरपूर सुक्या पाल्यात जिरवा. बाल्कनीच्या मोरीत ओतलं तर खालच्या मजल्यावरून विचारणा होईल. बादली घासून उन्हात पालथी घाला, नळी आणि दगड ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर बुडवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर आधी व्हिनेगर, मग नीट धुऊन पेरॉक्साइड. दोन्ही एकत्र ओतू नका. आणि हे त्याच दिवशी करा, कारण नळीच्या आत वाळलेला थर नंतर पेरॉक्साइडलाही दाद देत नाही, नळीच बदलावी लागते.